बोका शी ट्रेमध्ये करतो, लघवी मात्र गादीवर. सुरुवात कुठून करायची?

निळा_पडदा

बोका, वय साडेचार वर्षं, वजन 5.2 किलो. नसबंदी झालेली आहे. घरात मांजर हे एकच. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके.

बारा दिवस झाले, लघवी ट्रेबाहेर चालली आहे. आधी बाथरूमसमोरचं पायपुसणं, मग गादी, परवा धुवायला काढलेल्या कपड्यांचा ढीग. शी मात्र रोज न चुकता ट्रेमध्येच.

महिन्याभरात काय काय बदललं ते लिहितो. जुना उघडा ट्रे फुटला म्हणून झाकणाचा, झुलत्या दाराचा आणला. बेंटोनाइटची (ट्रेमध्ये घालायच्या, ओली झाली की गोळा धरणाऱ्या मातीची) धूळ फार होते म्हणून पाइनच्या लाकडी गोळ्या घातल्या. ट्रे बाल्कनीत होता, तो पावसामुळे आत वॉशिंग मशीनशेजारी आला. वरच्या मजल्यावर फरशी उखडण्याचं काम चालू आहे, दिवसभर ड्रिल. खाणं पूर्ण कोरडं, रोज 65 ग्रॅम. गादीवरचा डाग डेटॉलच्या पाण्याने पुसला, फरशी फिनेलने.

घरातली मोठी माणसं म्हणतात मुद्दाम करतोय, नाक घासा त्याचं त्यात. आधी डॉक्टर की आधी ट्रे? आणि गादीचा वास कशाने जातो?

साळुंकी

ट्रे, लिटर (ट्रेमध्ये घालायची माती किंवा गोळ्या), वास सगळं नंतर. आधी एवढंच सांगा, लघवी दिवसातून कितीदा आणि किती होतेय?

विचारण्याचं कारण असं. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. चिकट स्राव, स्फटिक किंवा वाळूएवढा खडा तिथे अडकला की लघवी पूर्ण तुंबते. मग रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाची लय बिघडते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालंय, कारण बोका ट्रेमध्ये बसून कुंथताना दिसतो. बायकोला-नवऱ्याला, घरात जो कोणी असेल त्याला ही लक्षणं पाठ करून ठेवायला सांगा: पुन्हा पुन्हा बसणं पण थेंबही नाही, बसल्यावर ओरडणं, मागचा भाग सतत चाटणं, उलटी, खाणं सोडणं, लपून बसणं. यातलं काही दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, तेव्हाच दवाखाना. पोटात मागच्या बाजूला लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा लागला तर तो दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटू शकतं.

निरोगी बोका दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करतो आणि प्रत्येक वेळी भरपूर करतो. तुमच्याकडचे डाग मोजा.

आणि तोवर घरातलं माणसांचं एकही औषध देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही नाहीच.

निळा_पडदा

मोजले. कालपासून सहा ठिकाणी, प्रत्येक डाग रुपयाच्या दोन-तीन नाण्यांएवढा. पांढऱ्या चादरीवरच्या एका डागाला गुलाबी झाक आहे. खातोय नीट, उलटी नाही.

साळुंकी

मग आजच दाखवा. वारंवार, थोडी थोडी आणि रक्ताची झाक, म्हणजे मूत्राशयाला सूज आहे. आत्ता थेंब येताहेत, पण बोक्याच्या बाबतीत थेंब येणं कधीही थांबू शकतं.

दवाखान्यात लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी किंवा एक्स-रे मागा. नमुना शक्यतो डॉक्टरच सोनोग्राफीत बघून सुईने थेट मूत्राशयातून घेतात, जीवाणू आहेत की नाहीत हे त्यातूनच खात्रीने कळतं. घरून न्यायचा असेल तर रिकामा धुतलेला ट्रे ठेवा, लघवी झाली की बिनसुईच्या सिरिंजने 3-5 मिली ओढून घ्या आणि तासाभरात पोचवा. जास्त वेळ ठेवलेल्या किंवा थंड झालेल्या लघवीत स्फटिक आपोआप धरतात आणि मग नसलेल्या आजाराचं खाणं सुरू होतं. नमुना घरचा असेल तर हे डॉक्टरांना सांगा.

मांजरपाट

नाक घासण्याबद्दल वेगळं लिहितो, कारण हा सल्ला प्रत्येक घरात मिळतो. मांजराला दहा मिनिटांपूर्वीची लघवी आणि आत्ताची शिक्षा यांचा संबंध जोडता येत नाही. त्याला एवढंच कळतं की हा माणूस आणि ही जागा धोक्याची आहे. मग तो कपाटामागे, सोफ्याखाली, तुम्हाला दिसणार नाही अशा ठिकाणी करायला लागतो. शिवाय भीतीने मूत्राशयाची सूज वाढते ती वेगळीच.

"मुद्दाम" हेही चूक. लघवी करताना दुखलं की मांजर दुखण्याचा दोष ट्रेला देतं आणि मऊ जागा शोधतं. गादी, गोधडी, कपड्यांचा ढीग हे सगळं मऊ, शोषून घेणारं आणि वर तुमच्या वासाचं. शी करताना दुखत नाही म्हणून शी अजून ट्रेमध्ये होते. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शीर्षकातच होतं.

दुसरी एक गोष्ट लगेच थांबवा, फिनेल आणि डेटॉल. काळ्या फिनेलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉलसारखी रसायनं असतात, डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल. अशी रसायनं निकामी करून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फार तोकडी असते. पंजाला लागलेलं तो चाटतो. लादी पुसण्याच्या सुगंधी द्रावांत बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, ते चाटल्यावर जिभेला फोड येतात. साध्या कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून पुसा, मग स्वच्छ पाण्याने. ब्लीच लघवीवर ओतू नका, त्यातून डोळे-घसा झोंबवणारा वायू निघतो. कोपऱ्यात डांबरगोळ्या, कापूर, निलगिरी तेल ठेवायचा सल्ला कोणी देईलच. तिन्ही मांजराला विषारी.

निळा_पडदा

दाखवून आणलं. सोनोग्राफीत खडा नाही, मूत्राशयाची भिंत जाड झालेली. लघवीत रक्तपेशी भरपूर, जीवाणू नाहीत, विशिष्ट गुरुत्व (लघवी किती घट्ट ते सांगणारा आकडा) 1.052. वेदनाशामक दिलंय, ओलं खाणं आणि "ताण कमी करा" असं सांगितलं. अँटिबायोटिक दिलंच नाही. हे बरोबर आहे का?

साळुंकी

बरोबर आहे, आणि चांगले डॉक्टर आहेत. दहा वर्षांखालच्या मांजरात मूत्राशयाचा जीवाणूसंसर्ग क्वचितच असतो. खडा नाही, जीवाणू नाहीत, तरी सूज आणि रक्त, याला इडियोपॅथिक सिस्टायटिस म्हणतात. तरुण मांजरांत लघवीच्या तक्रारीचं हेच सगळ्यात नेहमीचं कारण. बरेचदा पाच-सात दिवसांत ते आपोआप उतरतं, त्यामुळे अँटिबायोटिक दिलं असतं तर श्रेय त्याला गेलं असतं. पण मुळाशी ताण आणि घट्ट लघवी तशीच राहिली तर ते पुन्हा येतं. वेदनाशामक मात्र ठरलेल्या दिवसांपर्यंत द्या, मधेच बरा दिसला म्हणून थांबवू नका.

पाण्याचा हिशेब बघा. मांजराला अन्नासकट दिवसाला किलोमागे साधारण 50 मिली पाणी लागतं, म्हणजे तुमच्याकडे 250-260 मिली. 65 ग्रॅम कोरड्या खाण्यातून जेमतेम 6 मिली मिळतात. उरलेलं सगळं तो पिऊन भरून काढत नाही. 85 ग्रॅमच्या ओल्या पाऊचमध्ये 65-70 मिली पाणी असतं. तीन पाऊच आणि प्रत्येकात दोन चमचे कोमट पाणी कालवलं की 230 च्या वर गेलात, वाटीतलं वेगळं. कोरडं खाणं तेवढं कमी करा, नाहीतर वजन वाढेल. बदल आठवड्याभरात हळूहळू करा. चिकन उकडलेलं पाणी चालतं, पण त्यात कांदा, लसूण, मीठ नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. पाण्याच्या वाट्या रुंद तोंडाच्या घ्या आणि दोन-तीन ठिकाणी ठेवा, खाण्याला चिकटून नको.

कोणाकडे खडे निघाले तर एवढं लक्षात ठेवा: स्ट्रुव्हाइट खडे खास खाण्याने साधारण दोन ते पाच आठवड्यांत विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. दुकानदाराला विचारून "युरिनरी" लिहिलेली पिशवी आणण्याआधी खडा कोणता ते विचारा.

घमेलंवाली

आता ट्रेकडे येऊ. निळा पडदा, तुम्ही एका महिन्यात त्याचं घर सोडून सगळं बदललंत!

झाकण आजच काढा. आत वास कोंडतो, मांजराला वळायला जागा राहत नाही आणि बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही. झाकण आपल्याला आवडतं, त्याला नाही.

माप: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत जी लांबी, तिच्या दीडपट ट्रे. 5 किलोच्या बोक्याला 60 ते 70 सेंमी. बाजारातले बहुतेक ट्रे 45-50 सेंमीचे, पिल्लांच्या मापाचे. म्हणून ट्रेचा नाद सोडा आणि भांड्यांच्या दुकानातून कपडे ठेवायचा पारदर्शक प्लास्टिकचा मोठा खोका आणा, 65 बाय 45, उंची 30 च्या आसपास. एका आखूड बाजूला जमिनीपासून 12-15 सेंमी सोडून वर यू आकाराचा कट द्या. हॅकसॉचं पातं हातात धरून हळू चालवा, गरम सुरीने प्लास्टिक वितळतं. कडेला पॉलिश पेपर मारा, नाहीतर पोटाला खरचटेल आणि पुन्हा ट्रेवर रुसेल. म्हाताऱ्या, गुडघे धरलेल्या मांजरासाठी कट 7-8 सेंमीवरच घ्या. घमेलंही चालतं म्हणतात, पण ते पिल्लाला. मोठ्या बोक्याचं बूड कडेबाहेर राहतं आणि धार फरशीवर.

लिटर: परत बारीक दाण्याचं, बिनवासाचं, गोळा धरणारं बेंटोनाइट. लाकडी गोळ्या पंजाला टोचतात आणि उकरता येत नाहीत. तो कडेवर पाय ठेवून उभा राहतो का, न उकरता उडी मारून पळतो का, पंजे झटकतो का ते बघा. तिन्ही नापसंतीच्या खुणा. धुळीचा त्रास असेल तर लिटर ओतताना पिशवीचं तोंड ट्रेच्या तळाला टेकवून ओता. टोफूचं (सोयाबीनच्या चोथ्याचं) लिटर चांगलं आहे, पण पावसाळ्यात उघडी पिशवी ठेवली तर बुरशी आणि किडे दोन्ही होतात, झाकणाच्या डब्यात ठेवावं लागतं.

थर 5 सेंमी. इथे सगळे चुकतात. 60 बाय 40 च्या तळावर 5 सेंमी म्हणजे आकारमानाने 12 लिटर, वजनाने 10 किलोच्या आसपास. 5 किलोची एक पिशवी ओतली तर थर निम्माच होतो, लघवी तळापर्यंत जाते, तिथे चिखल होतो, खरवडावा लागतो आणि वास बसतो. एकदा 10 किलो घाला, मग रोज जेवढं काढाल तेवढंच वर टाका.

गोळे सकाळ-संध्याकाळ काढा. तीन-चार आठवड्यांनी सगळं रिकामं करून गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. बेंटोनाइट संडासात किंवा मोरीत टाकू नका, सिमेंटसारखं बसतं. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने, तोही रोज काढावा. शीमधून टोक्सोप्लाझ्मा (गर्भाला धोका असलेला परजीवी) आलाच तर तो संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, रोजची सफाई त्याच्या आधी होते.

संख्या: मांजरं अधिक एक. म्हणजे तुम्हाला दोन, दोन वेगळ्या जागी. शेजारी-शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबात एकच. वॉशिंग मशीनपाशी अजिबात नको. तो आत बसलेला असताना एकदा स्पिन सुरू झालं की ती जागा बाद. वन बीएचकेत एक हॉलच्या कोपऱ्यात, जिथून दार दिसतं, आणि एक बेडरूममध्ये. हॉलमध्ये ट्रे कसा ठेवायचा हा प्रश्न पाहुण्यांचा आहे, बोक्याचा नाही.

पिंजारी

गादी कशाची आहे? त्यावर सगळं अवलंबून.

मांजराच्या लघवीत युरिक आम्लाचे क्षार असतात, ते पाण्यात नीट विरघळत नाहीत. साबणाने, व्हिनेगरने अमोनियाचा वास जातो, म्हणून आपल्याला वाटतं स्वच्छ झालं. पावसाळी दमट हवेत क्षार पुन्हा ओलावा घेतात आणि वास उठतो. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, त्याच्यासाठी ती मुतारीच राहते. म्हणून एन्झाइमचा क्लीनर लागतो.

ओला डाग असेल तर घासू नका, जाड टॉवेल ठेवून त्यावर उभे रहा, टॉवेल बदलत रहा. मग गार पाण्याने भिजवून पुन्हा टिपा. आधी डेटॉल लावलंय, तर दोन-तीनदा पाण्याने धुवून टिपून घ्या, जंतुनाशकाच्या अंशाने एन्झाइम मरतात. मग क्लीनर ओता. फवारा नाही, ओताच. लघवी जितकी खोल गेली तितकं ते खोल जायला हवं, आणि पसरलेल्या डागाच्या कडेबाहेर चार बोटं जास्त. वर प्लास्टिक टाकून 12 तास ओलं ठेवा, मग पंख्याखाली किंवा उन्हात पूर्ण वाळवा. फोमच्या गादीला दोन-तीन फेऱ्या लागतात. कापसाची असेल तर या खटाटोपात पडूच नका, गादीवाल्याकडे उसवून भिजलेला कापूस फेकून द्या, नवीन भरून घ्या.

क्लीनर मिळाला नाही तर एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. एक लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम. उकळतं पाणी नको, एन्झाइम निकामी होतात. अर्धा तास ठेवून स्वच्छ पाण्याने पूर्ण काढा, वाळल्यावर सर्जिकल स्पिरिटचा हलका हात. आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघा, आणि स्पिरिटच्या वेळी गॅस-देवासमोरचा दिवा बंद.

जुने डाग सापडत नसतील तर 365 नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, रात्री दिवे घालवून. 395 ची स्वस्त टॉर्चही चालते, पण जांभळ्या उजेडात डाग फिके दिसतात. लघवी पिवळसर-हिरवट चमकते. निळसर पांढरं चमकतं ते कपड्यांच्या पावडरीतलं रसायन असतं, त्यावर क्लीनर फुकट घालवू नका. फरशीवर चमक सांध्यांत दिसेल, पांढरं सिमेंट लघवी पितं. तिथेही एन्झाइमच, आणि पूर्ण वाळल्यावर एपॉक्सी ग्राउट भरून घेतलं तर पुढची कटकट मिटते.

मांजरपाट

एक तपासायचं राहिलं. भिंतीवर, दाराच्या चौकटीवर, पडद्यावर वीतभर उंचीवर ओघळ आहेत का? उभं राहून, शेपटी थरथरवत मागे मारलेली पिचकारी असेल तर ते लघवीला जाणं नाही, ती हद्दीची खूण. त्याचा इलाज वेगळा. नसबंदी न झालेल्या बोक्यांत नसबंदीनंतर सुमारे 90 टक्के वेळा ते बरंच कमी होतं किंवा थांबतं. झालेल्यात बहुधा खिडकीबाहेरचा भटका बोका कारण असतो. ग्रिलच्या खालच्या दोन फुटांना धुरकट फिल्म किंवा पत्रा लावून नजरभेट तोडायची, बाहेरची कडा धुवायची.

निळा_पडदा

भिंतीवर काही नाही, सगळं आडव्या जागी. गादी फोमची आहे. खोका आणला, कट दिला, बेंटोनाइट 10 किलो. दोन प्रश्न. ड्रिलचं काय करू, काम अजून तीन आठवडे चालणार. आणि त्याला ट्रेची सवय परत कशी लावायची?

साळुंकी

ड्रिलच्या वेळा वरच्यांना विचारून घ्या. त्या वेळात तो सगळ्यात लांबच्या खोलीत, दार-खिडकी बंद, पंखा चालू, एक पुठ्ठ्याचा खोका आडवा टाकून त्यात तुमचा जुना टी-शर्ट. उंचावर बसायला एक जागा हवीच, कपाटावरचं सामान हलवा. जेवणाच्या आणि खेळण्याच्या वेळा ठरलेल्या ठेवा, काठीला दोरी बांधून रोज दहा-दहा मिनिटं दोनदा, आणि खेळ संपला की खाणं. फेरोमोनचा डिफ्यूझर (मांजराला शांत करणारा गंध सोडणारं, प्लगमध्ये लावायचं यंत्र) लावायचा तर सोफ्यामागे खुपसू नका, रिफिल साधारण महिनाभर जातं. मदत होते, पण ट्रे आणि पाणी चुकलेलं असेल तर त्याच्याने काही होत नाही.

सवयीसाठी बेडरूम दोन आठवडे बंद. म्हणजे घमेलंवालीने सांगितलेला दुसरा ट्रे तोवर हॉलच्याच दुसऱ्या टोकाला, खाण्यापासून दूर. एकात बेंटोनाइट, दुसऱ्यात टोफू ठेवलं तर आठवड्यात त्याची निवड कळेल, रोजचे गोळे मोजून लिहा. हॉलमधली पायपुसणी, सतरंजी, उशा उचला. बाथरूमसमोर नुसती कोरडी लादी. कपडे झाकणाच्या टोपलीत. त्याला उचलून ट्रेमध्ये बसवू नका, पंजे धरून उकरायला लावू नका. स्वतः जाऊन आला की लगेच, दोन-तीन सेकंदांत, आवडीचा तुकडा द्या. उशीर झाला तर बक्षीस भलत्याच गोष्टीचं होतं.

ओळीने दहा दिवस एकही चूक नाही, तर बेडरूम तुम्ही समोर असताना तासभर उघडा, गादीवर वॉटरप्रूफ कव्हर घालून. मग दोन तास, मग दिवसभर, रात्र सगळ्यात शेवटी. मधे चुकला तर एक पायरी मागे. आणि चुकलेल्या जागी लघवीचा डाग पुन्हा नाण्याएवढा दिसला, तर सवयीचा विचार सोडून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

घमेलंवाली

जुन्या झाकणवाल्या ट्रेचा खालचा भाग टाकू नका. गावी नेताना गाडीत तोच लागेल, घरातलंच थोडं वापरलेलं लिटर दोन मुठी त्यात घालून.